हत्तीण कुणाची, त्याआधी हत्तीण कुणासोबत

२०२५ च्या जुलैच्या शेवटी एका रात्री आईचा फोन आला. इथे जर्मनीत, वुपरटालमध्ये, नऊ वाजत आले होते आणि उन्हाळ्यातला उजेड अजून खिडकीत होता. तिकडे जयसिंगपुरात मध्यरात्र उलटून गेलेली. "नेली रं आमच्या माधुरीला," एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली. वडील गेले तेव्हाही आई फोनवर रडली नव्हती.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठात १९९२ पासून एक हत्तीण होती. कागदावर तिचं नाव महादेवी, लोकांच्या तोंडी माधुरी. तिचे पाय आणि सांधे दुखावलेले आहेत, तिला एकटीला साखळीत ठेवलं जातं, तिचं मन ठिकाणावर नाही, अशा तक्रारी झाल्या. १६ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामनगरच्या वनताराला, म्हणजे जिओवाल्या अंबानींच्या प्राणी-केंद्राला, पाठवण्याचा निर्णय दिला आणि २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. त्यानंतर कोल्हापूर जिल्हा पेटून उठला. दोन लाखांहून जास्त सह्या झाल्या, घराघरांतून जिओची सिमकार्डं पोर्ट झाली, ३ ऑगस्टला नांदणीपासून कोल्हापुरापर्यंत मूक पदयात्रा निघाली. माझ्या भावाने घरातली चारही सिमं बदलली. आई एकाहत्तर वर्षांची. पदयात्रेत तीन-चार किलोमीटर चालली आणि मग गुडघ्यांनी ऐकलं नाही.

मी माधुरीला लहानपणी पाहिलेली आहे. पंचकल्याणिक पूजेच्या मिरवणुकीत ती झूल घालून यायची आणि आम्ही पोरं तिच्या पुढे पुढे पळायचो. एकदा वडिलांनी मला उचलून तिच्या सोंडेपाशी नेलं. सोंडेवरचे केस खराट्याच्या काड्यांसारखे राठ लागले आणि टोक ओलं, गरम. माझ्या तळहातावरचं केळं तिने इतकं अलगद उचललं की ते गेलेलं मला कळलंच नाही. त्या हाताचा वास मी घरी येईपर्यंत घेत होतो. त्यामुळे आई का रडत होती ते मला कुणी समजावून सांगायला नको.

पण ज्या दिवशी आईचा फोन आला, त्याच्या आदल्याच रविवारी मी इथल्या झूमध्ये, आफ्रिकन हत्तींच्या आवारापुढे मुलीला घेऊन दीड तास बसलो होतो. तिथे जे रोज दिसतं ते डोळ्यांपुढे असताना आईच्या बाजूने उभं राहणं मला जमलं नाही. तिच्या विरोधातही जाता आलं नाही.

वुपरटाल हे डोंगरउतारावर वसलेलं गाव आहे. खालून वुपर नदी वाहते, नदीवरून लटकती रेल्वे धावते. झू आमच्या घरापासून वीस मिनिटांवर. तिथलं हत्तीघर १९९५ मध्ये बांधलं आणि २००५ पासून तिथे दहाहून जास्त पिल्लं जन्मली. युरोपात आफ्रिकन हत्तीची पैदास जिथे खऱ्या अर्थाने होते, अशा मोजक्या जागांपैकी ही एक. आवारात वाळू आहे, पाण्याचा डोह आहे, ओंडके टाकलेले आहेत. आपल्या हत्तींपेक्षा यांचे कान दुप्पट मोठे, पाठ मध्ये खोलगट आणि माद्यांनाही सुळे. त्या रविवारी एक पिल्लू वाळूत आडवं झोपलं होतं आणि तीन मोठ्या माद्या त्याच्याभोवती उभ्या होत्या. त्यातली एक त्याची आई असेल. उरलेल्या दोघी मावश्या, आज्या, कोण ते मला ठाऊक नाही. पिल्लू कूस बदलायचं तेव्हा तिघीही एकाच वेळी एक पाऊल मागे घ्यायच्या आणि पुन्हा जागेवर यायच्या. मुलगी म्हणाली, "बाबा, त्या पंखा धरतायत." कानांनी खरंच वारा घालत होत्या.

नांदणीच्या माधुरीला तेहतीस वर्षांत असं कुणी मिळालं नाही. माहूत होता, भक्त होते, केळी-गूळ होता, जीव लावणारी हजारो माणसं होती. दुसरी हत्तीण नव्हती.

हत्तींमध्ये आपल्या रिवाजाच्या उलटं असतं. लेक माहेर कधीच सोडत नाही. आई, मुली, नाती एकाच कळपात जन्मभर राहतात आणि थोरल्या बाईचं सगळे ऐकतात. घर सोडतो तो मुलगा, दहा-पंधरा वर्षांचा झाला की. त्या रात्री आई मला म्हणाली होती, "लेक सासरी धाडल्यागत वाटतंय." तेव्हा मला वाटलं, ही लेक तर कधी माहेरी राहिलीच नाही.

युरोपातल्या झूंना हे उमगायला फार वर्षं लागली. पूर्वी इथेही हत्ती म्हणजे एक वस्तू होती. आपण मराठीत 'जंबो मंत्रिमंडळ' म्हणतो त्यातला जंबो हा खराखुरा आफ्रिकन हत्ती होता. पिल्लू असताना पकडून आणलेला, आधी पॅरिसला, मग १८६५ मध्ये एका गेंड्याच्या बदल्यात लंडनला. १८८२ मध्ये लंडनच्या झूने तो अमेरिकेतल्या बार्नमच्या सर्कशीला दोन हजार पौंडांना विकला. तेव्हा लंडनमध्ये जे झालं ते वाचताना मला कोल्हापूर आठवतं. लोक कोर्टात गेले. लाखभर शाळकरी मुलांनी राणी व्हिक्टोरियाला पत्रं लिहिली म्हणतात. जंबो स्वतः रस्त्यात बसून राहिला, उठेना. शेवटी त्याला नेलंच, आणि तीन वर्षांनी कॅनडातल्या सेंट थॉमस गावी रेल्वेच्या धडकेने तो मेला. आमच्या वुपरटालची आठवण तर अजून जिवंत माणसांत आहे. २१ जुलै १९५० ला एका सर्कशीने जाहिरातीसाठी टुफी नावाचं चार वर्षांचं हत्तीचं पिल्लू लटकत्या रेल्वेत चढवलं. डब्यात पत्रकारांची गर्दी, पिल्लू बिथरलं आणि खिडकी फोडून खाली वुपर नदीत पडलं. थोडं खरचटलं, वाचलं. आमच्या शेजारच्या आजी तेव्हा सात वर्षांच्या होत्या. त्या म्हणतात की गावात निम्म्या लोकांनी ते पडताना पाहिलं असं सांगितलं जातं, पण त्यांनी स्वतः फक्त रडणारी आई पाहिली, म्हणजे त्यांचीच, कारण त्या वेळेवर घरी पोचल्या नव्हत्या.

आज युरोपात हत्ती असा विकला जात नाही. आमस्टरडॅमला मुख्यालय असलेली एक युरोपीय झू संघटना आहे, एआझा नावाची. तिच्या सदस्यांचा जातीनिहाय एकत्र पैदास-कार्यक्रम असतो, १९८५ पासून. आफ्रिकन हत्तीसाठी एक समन्वयक असतो, त्याच्याकडे वंशनोंदवही असते: कोण कुणाची, कुठे जन्मली, कुणाची कुणाशी किती सोयरीक. ती नोंदवही पाहून तो सांगतो की या झूतला नर त्या झूत पाठवा, या दोघींना एकत्र ठेवा, या मादीला सध्या पिल्लू नको. पैसे घेऊन हत्ती द्यायचा नाही, असा नियम आहे. 'हा आमचा हत्ती' हे वाक्य इथे हळूहळू फिकं पडत चाललंय, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे पूर्ण पावसाळा 'हत्तीण कुणाची' यावर गेला: मठाची, कोल्हापूरची, सरकारची, की धनवानाची. पण ती कुणासोबत राहणार, तिच्या शेजारी कोण उभी असणार, हा प्रश्न टीव्हीवरच्या एकाही चर्चेत मी ऐकला नाही.

हलवणं कसं असतं तेही मी इथे पाहिलं. दोन वर्षांपूर्वी आवाराच्या मागच्या बाजूला एक पोलादी पेटी आणून ठेवली होती, दोन्ही बाजूंनी उघडी. सात-आठ वर्षांचा एक नर जायचा होता. पहिल्या आठवड्यात पेटीच्या तोंडाशी गवत टाकलेलं. तो सोंड लांब करून घ्यायचा आणि मागे सरायचा. पुढच्या आठवड्यात सफरचंदं आत, मधोमध. पुढचे दोन पाय आत, मागचे बाहेर, आणि डोळे सतत आईकडे. मग एके दिवशी तो आरपार चालत गेला. महिन्याभराने तो पेटीत उभा राहून पावाचे तुकडे खात होता आणि कीपर बाहेरून कठड्याआडून त्याचा पाय उचलून नखं तासत होता. अंकुश नाही, दोर नाही. इथे आता बहुतेक ठिकाणी माणूस हत्तीच्या आवारात उतरतच नाही, मध्ये गजांचा अडसर ठेवूनच काम होतं. ज्या दिवशी त्याला नेलं त्या दिवशी पेटीची दारं लागली, क्रेनने ती ट्रकवर चढवली. त्याच्यासोबत ओळखीचा कीपर गेला आणि नव्या जागी काही दिवस राहिला. शेजारच्या आजी त्या दिवशी सकाळी सातला झूच्या फाटकाशी उभ्या होत्या, रुमाल घेऊन. इथेही लोक रडतात. फक्त रडायला त्यांना महिनाभर आधी तारीख कळवलेली असते.

माधुरीच्या बाबतीत माझी खरी तक्रार इथे आहे. पोलीस, गर्दी, दगडफेक, रात्रीचा ट्रक. जी हत्तीण तेहतीस वर्षं एका जागी राहिली तिला असं नेणं हे तिच्याही वाट्याला नको होतं आणि आईच्याही. निर्णयाला उशीर लावायचा नसेल तर तयारी आधी करायची असते. लोकांना दाखवायची असते.

पण युरोपातलं सगळं सोनं आहे असं सांगायला मी हे लिहीत नाहीये. पोटातलं बोलायचं तर मला इथल्या पैदाशीबद्दल फार शंका आहेत.

पहिली शंका नरांची. बावीस महिने पोटात वाढून शंभर किलोचं पिल्लू जन्माला येतं, सगळं गाव नाव ठेवायच्या स्पर्धेत भाग घेतं, आणि निम्म्या वेळा ते नर असतं. कळपाला नर एक पुरतो. उरलेल्यांचं काय करायचं? मग नरांचे वेगळे गट करायचे. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या नोआज आर्क झूने असा गट केला. मचांगा नावाचा तरुण नर स्वीडनहून तिथे आला होता. जून २०२१ मध्ये, बारा वर्षांचा असताना, गटातल्याच दुसऱ्या नराशी झालेल्या झटापटीत तो मेला. जंगलात हरलेला नर पळतो, मैलभर लांब जातो. भिंतीमागे पळायला जागा संपते. व्हिएन्नाच्या श्योनब्रुन झूतला आबू हा तर युरोपातला कृत्रिम रेतनातून जन्मलेला पहिला हत्ती, २००१ चा. त्याचं केवढं कौतुक झालं होतं! चार वर्षांचा होतो न होतो तोच त्याच्याकडून एका कीपरचा जीव गेला, आणि पुढच्या वर्षी त्याला जर्मनीतल्या हालेला पाठवलं. तो क्रूर होता असं कुणी म्हणत नाही. वाढणारा नर होता, इतकंच.

दुसरी शंका रक्ताची. बंद वर्तुळात तेच ते नर बाप होत राहतात. म्हणून बर्लिनच्या संशोधकांनी दक्षिण आफ्रिकेतल्या रानटी नरांचं वीर्य गोठवून युरोपात आणलं आणि २०१३ मध्ये श्योनब्रुनलाच त्यातून एक मादी जन्मली. तिचं नाव इक्वा, झुलू भाषेत बर्फ. पकडून आणण्यापेक्षा हे कैक पटीने बरं, हे मान्य. जिनिव्हात २०१९ मध्ये जगातल्या देशांनी झिम्बाब्वे-बोत्सवानातून रानटी हत्ती पकडून बाहेरच्या झूंना पाठवणं जवळपास बंद केलं, तेही योग्यच झालं. पण एवढं विज्ञान लावून जन्मलेल्या इक्वाची नात कधी आफ्रिकेच्या मातीत पाय ठेवेल का, याला उत्तर नाही. इंग्लंडच्या केंटमधल्या हाउलेट्स झूच्या लोकांनी २०२१ मध्ये तेरा हत्तींचा कळप विमानाने केनियात नेण्याची घोषणा केली, तेव्हा केनियाच्या सरकारनेच सांगितलं की आम्हाला कुणी विचारलेलं नाही. आफ्रिकेत मोकळ्या सॅव्हानातला हत्ती आता संकटग्रस्त यादीत आहे, पण तिथे हत्ती कमी पडलेत ते पिल्लं होत नाहीत म्हणून नव्हे. शिकार आणि संपणारी जमीन यांमुळे. ते दुखणं वुपरटालमध्ये पिल्लू जन्मल्याने बरं होत नाही. झूच्या पाटीवर 'संवर्धन' हा शब्द वाचला की माझं मन तिथे अडकतं.

आणि तिसरी गोष्ट आकड्यांची, जी मी आईला कधी सांगितलेली नाही. २००८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन यांच्या चमूने युरोपीय झूंतल्या साडेचार हजारांहून जास्त हत्तींच्या नोंदींचा अभ्यास छापला. झूत जन्मलेल्या आफ्रिकन माद्यांचं मध्यम आयुष्य सुमारे १७ वर्षं. केनियाच्या अंबोसेलीत नैसर्गिक मरण येणाऱ्या माद्यांचं ५६. त्यानंतर सुधारणा झाल्या असं झूवाले सांगतात आणि आवारं वाढलेली मलाही दिसतात. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती: आशियाई माद्यांना एका झूतून दुसऱ्या झूत हलवलं की त्यांचं आयुष्य कमी होतं, लहानपणी आई सुटली तरी कमी होतं. आशियाई, म्हणजे माधुरीच्या जातीच्या. म्हणजे हलवणं हे नुसतं पत्ता बदलणं नव्हे. त्याची किंमत हत्ती शरीरातून मोजतो. इथे आता आई-मुलींना शक्यतो वेगळं करत नाहीत, हलवायचं तर एकत्र हलवतात, ते या शहाणपणामुळे. उशिरा आलेलं शहाणपण, पण आलं.

हे शहाणपण नसलं की काय होतं ते आपल्या देशाने दिल्लीत पाहिलं. १९९८ मध्ये झिम्बाब्वेने माजी राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मा यांच्यासाठी भेट म्हणून दोन आफ्रिकन हत्ती पाठवले. एकाचं नाव शंकर, दुसरीचं बंबई. काही वर्षांतच बंबई गेली. शंकर त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ एकटा राहिला, दुसऱ्या जातीच्या हत्तींशी जमलं नाही, साखळीत दिवस गेले. त्याच्यासाठी लोक दिल्ली उच्च न्यायालयात गेले. २०२४ मध्ये जागतिक झू संघटनेने दिल्ली झूचं सदस्यत्व स्थगित केलं. १७ सप्टेंबर २०२५ ला शंकर मेला. वुपरटालमध्ये मी ती बातमी वाचली तेव्हा माधुरीवरून उठलेला धुरळा अजून खाली बसला नव्हता. शंकरसाठी कुठल्या गावात मूक मोर्चा निघाला नाही, कारण तो कुणाचाच नव्हता. सरकारी भेट होती. कोल्हापूरकरांचं प्रेम ही लहान गोष्ट नाही हे मला त्या दिवशी नव्याने कळलं. ते प्रेम शंकरच्या वाट्याला थोडं जरी आलं असतं तर कुणीतरी वीस वर्षांपूर्वी विचारलं असतं, याला जोडीदार कुठे आहे?

म्हणून माझं म्हणणं असं. माधुरीला एकटीपणातून बाहेर काढणं बरोबर होतं. वनताराबद्दलच्या शंकांवर सर्वोच्च न्यायालयाने चौकशी पथक नेमलं आणि सप्टेंबरमध्ये गैर काही आढळलं नाही हा त्याचा अहवाल स्वीकारला, त्यामुळे तिथे तिचे हाल होताहेत असं मी म्हणणार नाही. पण नांदणीजवळच पुनर्वसन केंद्र उभारून तिला परत आणायचा जो प्रस्ताव ऑगस्टमध्ये पुढे आला, त्याला माझा विरोध नाही, एका अटीवर. ती एकटी येता कामा नये. तिकडे तिची कुणाशी गट्टी जमली असेल तर तीही सोबत आली पाहिजे. आणि महाराष्ट्रात, कर्नाटकात, देवळांत-मठांत उभ्या असलेल्या प्रत्येक हत्तिणीची एक नोंदवही हवी: वय, पाय कसे आहेत, आजूबाजूला कोण आहे, दहा वर्षांनी ती कुठे असेल. पैदाशीसाठी नव्हे. पैदास तर अजिबातच नको. फक्त कोण कुणासोबत, यासाठी. वारणानगरच्या सुंदर हत्तीला २०१४ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात नेलं, तेव्हाही आपण तारखा मोजत बसलो होतो. माधुरीच्या वेळीही तेच. कुणाचीतरी पाळी पुन्हा येणार आहे.

गेल्या महिन्यात मी आईला एक व्हिडिओ पाठवला. डोहाकाठच्या पाच हत्तिणी, पिल्लू मध्ये. आईने तो भावाच्या टीव्हीवर लावला आणि मला फोन केला.

"ह्यातली आई कुठली?"

"डावीकडची असावी. मला नक्की सांगता येत नाही गं, सगळ्याच सांभाळतात."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मागून भावाच्या पोरांचा गलका ऐकू येत होता. मग म्हणाली, "सह्यांच्या कागदावर आमी लिव्हलं हुतं, आमची माधुरी आमाला परत द्या. एवढंच."

मी म्हटलं, "आता पुन्हा लिहाल तेव्हा अजून एक ओळ घाल. हिच्यासोबत दुसरी पाहिजे, म्हणावं. एकटीला नको."

"दोघींचा खर्च कोण करणार?"

"ते तुम्ही सगळे मिळून ठरवा. जिल्हा चाललाय तुमच्यासोबत."

"बरं," आई म्हणाली. "रविवारी नांदणीला जातोय, तितं काढते विषय."